निळ्या पट्ट्यांच्या चपला

जून हॅल्वर्सन भिलाईला आली त्या वर्षी नूतन मेश्राम तिथल्याच रिसाली भागातल्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत होती. जूनचं नाव तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. ओहायोतला एक पोलाद कारखाना बंद पडला आणि त्याच्या आधाराने वसलेलं गाव कसं विझत गेलं, यावर जूनने एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. रायपूरला एम. ए. करताना नूतनने ते लायब्ररीतून आणून वाचलं होतं. त्यातली माणसं परकी, हवा परकी, पण शिफ्टच्या तालावर चालणारं घर आणि बापाच्या कपड्यांना येणारा तो तेलकट वास तिला अगदी आपल्या घरचा वाटला होता. पुढे जूनने कादंबऱ्या लिहिल्या, मोठी बक्षिसं मिळवली. न्यूयॉर्कच्या एका मासिकात तिचा लेख आला की तिकडे त्यावर चर्चा झडत. त्यामुळे जुन्या प्राध्यापकांनी फोन करून "त्या तुमच्या गावात येतायत, दुभाषी हवी आहे, जाशील का?" असं विचारलं, तेव्हा नूतनने शाळेत रजा मिळेल की नाही याचाही विचार केला नाही.

जून साठीची, उंच, आखूड पांढऱ्या केसांची बाई होती. गुडघे दुखायचे तरी ती कोणाच्याही घरात फरशीवर बसायची, आणि उठताना नूतनच्या खांद्यावर हात टेकायची. तिचा आजा ओहायोच्या त्याच कारखान्यात भट्टीवर होता. जगभरची अशी गावं मेली, मग हे भिलाई अजून कसं जिवंत आहे, हे तिला लिहायचं होतं. प्रश्न ती फार कमी विचारायची. समोरचा बोलायचा थांबला की तीही गप्प बसायची, आणि ती गप्प बसली की माणसाला राहवत नसे. तो पुन्हा बोलू लागे, आणि या खेपेला जे सांगायचं नव्हतं ते सांगे. नूतनला याचं फार कौतुक वाटायचं. आपण रोज वर्गात बडबडतो आणि कोणी ऐकत नाही, ही बाई बोलतच नाही आणि सगळं गाव तिच्यापुढे मन मोकळं करतं.

सुरुवात नूतनच्या घरूनच झाली. तिचे वडील भय्याजी भंडाऱ्याकडून तरुणपणी आले ते भिलाईच्या सरकारी पोलाद प्लांटमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांनी जूनला सेक्टर दोनमधलं आपलं जुनं क्वार्टर बाहेरून दाखवलं, आपण लावलेला आंबा दाखवला, रशियन इंजिनिअरांच्या गमती सांगितल्या. जून हसली, लिहीत राहिली. मग कधीतरी ती गप्प बसली, आणि भय्याजी त्यांच्यासमोर भाजून गेलेल्या एका सोबत्याबद्दल बोलू लागले. ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती.

रात्री जेवताना भय्याजी म्हणाले, "बाई चांगली हाय. पण तिले सगळंच पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे काई नाई. तू जपून राहजो."

नूतनचा धाकटा भाऊ रोशन हसला. तो रेल्वेलाइनीपलीकडच्या औद्योगिक भागात एका खाजगी रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर काम करायचा. ट्रक काट्यावर आला की कॉम्प्युटरवर नोंद करायची, एसीत बसून. "बाबा, ती अमेरिकेत छापणार हाय. इथं कोण पढने वाला हाय?" तो म्हणाला.

जूनला त्या खाजगी मिलांबद्दलही लिहायचं होतं. प्लांटची टाउनशिप म्हणजे नुसती अर्धी गोष्ट, ती म्हणाली. पेन्शन, हॉस्पिटल, शाळा नसलेली माणसं कुठे आहेत? नूतन तिला रुक्माकाकूंकडे घेऊन गेली.

रुक्मा नात्यात लांबची, पण गाव एकच. जुन्या रिसालीत दोन खोल्यांच्या घरात ती ब्लाउज शिवायची. मुलगी खुशबू नर्सिंगला होती. रुक्माचा नवरा चिंधू रोशनच्याच मिलमध्ये ठेक्यावर मजूर होता आणि दोन वर्षांमागे गेला होता. कागदोपत्री तो मिलबाहेरच्या रस्त्यावर ट्रकच्या धडकेने गेला. ट्रक कोणता, ते कधी कळलं नाही. रुक्मा मात्र पहिल्या दिवसापासून सांगत आली होती की तो शेडच्या छपरावरून पडला आणि त्याला उचलून रस्त्यावर नेऊन टाकलं. तिचं कोणी ऐकत नव्हतं. शेजारच्या बायकाही आता विषय बदलायच्या.

जून तिच्यासमोर बसली आणि गप्प राहिली. शिलाई मशीनवरचा रुक्माचा पाय थांबला.

"माया नवऱ्याच्या पायात मिलचे बूट होते," रुक्मा म्हणाली. "थे बूट गेटच्या आत ठेवून याव लागते. बाहेर नाई नेऊ देत. मंग रस्त्यावर त्याच्या पायात कसे आले? आन् त्याच्या सोताच्या चपला आतच राहिल्या होत्या. थ्या मले मंग घरी आणून देल्या धनंजयनं." ती थबकली. "नाव नको सांगू तिले, नूतन. बाकी सांग."

नूतनने बाकी सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही. बरोबर काम करणारा एक जण, एवढंच म्हणाली. जूनने मान हलवली. "मी सगळ्यांची नावं बदलते," ती म्हणाली. "मिलचंही नाव देणार नाही. तिला सांग, तिला कोणी ओळखणार नाही."

रुक्माने फळीवरच्या पिशवीतून चपला काढून दाखवल्या. साध्या रबरी, निळ्या पट्ट्यांच्या, डाव्या टाचेशी झिजलेल्या. जूनने त्या हातात घेतल्या नाहीत. नुसती बघत राहिली, बराच वेळ. बाहेर आल्यावर नूतनने पाहिलं तर तिचे डोळे ओले होते.

जून अमेरिकेला परतल्यावर उन्हाळ्यात एका संध्याकाळी नूतनला न्यूयॉर्कहून फोन आला. मासिकातली एक मुलगी बोलत होती. लेखातली प्रत्येक गोष्ट खरी आहे का हे छापण्यापूर्वी तपासणं, एवढंच तिचं काम. आवाज कोवळा, पण चिकाटी मोठी. चपलांचे पट्टे कोणत्या रंगाचे? निळे. कशात गुंडाळून आणल्या? वर्तमानपत्रात. हिंदी की मराठी? हिंदी. आणणारा पायी आला? नाही, मोपेडवर. कोणत्या वारी? अंत्यविधीनंतरच्या रविवारी, सकाळी. मोपेड कशी होती? जुनी, लाल.

"हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे?"

"मी त्यांना पुन्हा विचारून सांगते," नूतन म्हणाली, आणि खरोखर रुक्माला विचारून तिने दुसऱ्या दिवशी कळवलं. तिला अभिमान वाटत होता. इकडे माणूस मेला तर तो कुठे मेला हे कोणी विचारत नाही, आणि तिकडे सातासमुद्रापलीकडे एक मुलगी चपलेच्या पट्ट्याचा रंग पक्का करतेय. शाळेत स्टाफरूममध्ये तिने ही हकीकत रंगवून सांगितली.

लेख पावसाळा सरता सरता आला. भिलाईवरचा, प्लांटवरचा, भय्याजींच्या आंब्यावरचा, आणि शेवटचा मोठा भाग रुक्मावरचा. नाव 'मीरा' केलं होतं. मिलचं नाव नव्हतं. नूतनने तो मोबाइलवर वाचला आणि मनात म्हणाली, असं लिहिता आलं पाहिजे. घर, मशीन, रुक्माचं ते थबकणं, सगळं जसंच्या तसं. रविवारची सकाळ. लाल मोपेडवरून आलेला माणूस, जो दारात उभा राहिला, आत आला नाही, पाणी घेतलं नाही. वर्तमानपत्राचा पुडा.

लाल मोपेडची ओळ नूतनने पुन्हा एकदा वाचली. पण मग ती पुढे सरकली. जूनचा निरोप आला होता: तुझ्याशिवाय हे झालं नसतं. नूतनने तो भय्याजींना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी ऐकलं आणि टीव्ही लावला.

आठवड्याभरात कोणीतरी त्या शेवटच्या भागाचं हिंदी करून व्हॉट्सअॅपवर फिरवलं. मथळा दिला होता: अमेरिका में छपी भिलाई की सच्चाई. कोणी फिरवलं ते कळलं नाही. भल्या हेतूनेच फिरवलं असणार. शाळेतल्या एका बाईने नूतनला तो पाठवला, अंगठा उंचावून. रिसालीत लोक वाचत होते, एकमेकांना दाखवत होते, आणि रुक्माच्या दारावरून जाताना चाल मंद करत होते. मीरा कोण, हे कोणी विचारलंही नाही.

मग एक दिवस रोशन ड्यूटीवरून आला तो तोंड पाडून. भय्याजी झोपले होते.

"मले काट्यावरून काढलं," तो म्हणाला. "शेडच्या छपराचे पत्रे बदलून राहिले. तिथं सुपरवायझर म्हणून टाकलं. वर चढून पाहा म्हणे, मजूर बराबर काम करते का नाई."

"तुले कावून? तू तर कॉम्प्युटरवाला."

"थेच मी बोललो. हिरालालजी म्हणे, सब सीखना चाहिए." त्याने पायातले मोजे काढले आणि तसेच हातात धरून बसला. "ताई, थ्या छपराला जागोजागी भोकं हायेत. पाय ठेवला की पत्रा दबते."

हिरालाल म्हणजे मिलचा लेबर ठेकेदार. मालक रायपूरला असायचा. इथे सगळं हिरालाल बघायचा. नूतनने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो पुढच्याच रविवारी दुपारी घरी आला. पन्नाशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळावर छोटा टिळा. चपला त्याने दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, भय्याजींच्या पायांना हात लावला आणि पाणी मागितलं. ग्लास रिकामा करून म्हणाला, "बहुत अच्छा लिखा है मैडम. हम तो पढ़े-लिखे नहीं हैं, बच्चों ने पढ़के सुनाया. बाबूजी के आम के पेड़ वाला तो बहुत ही अच्छा है."

नूतनने रिकामा ग्लास उचलला.

"बस एक बात समझ में नहीं आई. वो चप्पल कौन लाया था?"

पंखा फिरत होता. भय्याजी खुर्चीत ताठ बसले होते.

"मला माहीत नाही," नूतन म्हणाली, आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाली.

"आप ही ने तो अंग्रेज़ी में बताया होगा." तो हसला, अगदी ओशाळल्यासारखा. "नाम नहीं लिखा, ये अच्छा किया. पर लाल मोपेड लिख दिया. हमारे यहाँ लाल मोपेड एक ही के पास थी. हम तो बस आपसे पूछ रहे हैं, कि ग़लत आदमी पे शक न जाए." तो उठला. दारात चपला घालताना वळून म्हणाला, "रोशन अच्छा लड़का है. ऊपर चढ़ने से डरता है थोड़ा. आदत हो जाएगी."

तो गेल्यावर भय्याजींनी उठून दार लावलं. "धनंजयले सांग," ते म्हणाले. "आत्ता जाय."

धनंजय पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचा. नूतन ऑटोने पोहोचली तेव्हा त्याची बायको सुनिता भाजी निवडत होती. तिला काही ठाऊक नव्हतं. तिने लेख वाचला नव्हता, चपलांची गोष्टही नवऱ्याने तिला कधी सांगितली नव्हती.

"थे तर ड्यूटीवर गेले," ती म्हणाली. "आज सुट्टी होती, पण फोन आला. अर्जंट काम हाय म्हणे. घ्यायले गाडी आली होती."

"गाडी? मिलची?"

"हो. कधी येत नाई गाडी. आज आली." सुनिता हातातली शेंग खाली ठेवून नूतनच्या तोंडाकडे पाहू लागली. "काय झालं?"

नूतनने धनंजयला फोन लावला. बंद होता. सुनिताने लावला. बंद. अंगणात, भिंतीला टेकून लाल मोपेड उभी होती, सीटवर धूळ साचलेली. धनंजय आता ती वापरत नसे.

तिथूनच, गल्लीच्या तोंडाशी गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीमागे उभं राहून, नूतनने जूनला फोन केला. तिकडे पहाट असणार. तरी जूनने लगेच उचलला, आणि नूतनने जे सांगितलं ते तिने एकदाही न अडवता ऐकलं. मग ती म्हणाली की हे भयंकर आहे. ती संपादकाला उठवते, दिल्लीतल्या ओळखीच्या पत्रकारांना सांगते, पत्रकारांचं रक्षण करणारी एक संस्था आहे तिला कळवते. "आपण त्याचं नाव उघड करू," ती म्हणाली. "उजेडात आणलेल्या माणसाला हात लावायची हिंमत कोणी करत नाही. उद्यापर्यंत सगळीकडे येईल."

"उद्या," नूतन म्हणाली.

"मी शक्य तितक्या लवकर करते. नूतन, ऐकतेयस ना? तू घाबरू नकोस. हे जे होतंय तेही सगळं टिपून ठेव."

नूतनने फोन कानावरून काढला. जून खोटं बोलत नव्हती, ते तिला कळत होतं. ती खरोखर दिवसभर फोन करत बसली असती. पण धनंजय आत्ता आत होता, आणि तिकडून येणारा उजेड उद्या येणार होता. आणि उजेड आला की पुन्हा कोणीतरी विचारेल, मोपेड कोणत्या साली घेतली?

ती रुक्माकडे गेली. रुक्माने ऐकलं, मशीनवर कापड तसंच सुईखाली ठेवलं आणि पदर खोचला. खुशबू कॉलेजच्या होस्टेलवर होती, हे तिने मोठ्याने बोलून दाखवलं, जणू स्वतःला बजावत होती. मग म्हणाली, "चाल."

"काकू, तिथं जाऊन काय बोलाचं?"

"थ्याईले काय पाहिजे, तेच बोलाचं. दुसरं काय असते आपल्या हातात?"

मिलच्या गेटवर त्यांना कोणी अडवलं नाही. शिपायाने नाव विचारलं नाही. हिरालालच्या केबिनमध्ये कूलर चालू होता आणि चहाचे कप आधीच भरून आले. काचेच्या आडभिंतीपलीकडे, दुसऱ्या खोलीत, धनंजय एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याला कोणी हात लावल्यासारखं दिसत नव्हतं. तो नुसता बसला होता, हात मांडीवर, आणि त्याच्यासमोर एक माणूस स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. नूतन आणि रुक्मा आत आल्या तेव्हा धनंजयने एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्या पायांत मिलचे बूट होते.

रुक्माने ते पाहिलं. नूतनच्या दंडावर तिची बोटं रुतली.

"आइए, बैठिए," हिरालाल म्हणाला. "भाभीजी, हम तो ख़ुद आने वाले थे."

रुक्मा बसली नाही. ती मोडक्या हिंदीत बोलू लागली, सरळ, न अडखळता. चपला कोणी आणल्या नाहीत. त्या घरातच होत्या. तिने बाईला गोष्ट सांगितली कारण बाईला गोष्ट पाहिजे होती, तासन् तास बसून राहिली होती. बिचाऱ्या धनंजयला यातलं काही माहीत नाही. लाल मोपेडही तिनेच जोडून दिली.

हिरालालने ते सगळं ऐकून घेतलं. त्याने मान हलवली, जशी शिक्षक पाठ बरोबर आल्यावर हलवतो. मग टेबलावरचा मोबाइल उचलला, चहाच्या कपाला टेकवून उभा केला. "एक बार यहाँ देखके बोल दीजिए. और आदमी कैसे गुज़रा, वो भी."

रुक्मा मोबाइलकडे पाहत राहिली. दोन वर्षं तिने हे वाक्य कोणालाही पुरं करू दिलं नव्हतं. शेजारणीने, दिराने, माहेरच्या गावाहून आलेल्या भावाने, कोणीही "ट्रक" म्हटलं की ती उठून जायची.

"ट्रकने मारा," ती म्हणाली. "रोड पे."

"और मैडम, आप अंग्रेज़ी में," हिरालाल म्हणाला. "वहाँ वाले हिंदी नहीं समझेंगे."

नूतन उभी राहिली. तिने पाहिलं की काचेपलीकडचा माणूस मोबाइल खिशात घालून तिच्याकडेच बघतोय, आणि धनंजयही. कूलरचं पाणी टपटपत होतं. तिने इंग्रजीत सांगितलं की ती दुभाषी होती, की मुलाखतीत तिने स्वतःच्या मनाने काही गोष्टी जोडल्या, की चपला आणून देणारा कोणी माणूस नव्हता. तिचं इंग्रजी चांगलं होतं. एकही चूक झाली नाही.

हिरालालने क्लिप चालवून पाहिली, आवाज कानाशी धरून. मग हाक मारली. स्टुलावरच्या माणसाने काचेचं दार उघडलं.

ऑटोत तिघं दाटीने बसली. धनंजयच्या पायांत आता त्याच्या सँडल होत्या. पुलाखालून वळल्यावर रुक्मा बाहेर बघत म्हणाली, "आज मीबी त्याले रस्त्यावर टाकून आली."

नूतनने तिचा हात धरला. रुक्माने तो धरू दिला.

धनंजय आणि सुनिता त्याच आठवड्यात नागपूरकडे बुटीबोरीला गेले, तिच्या भावाकडे. मोपेड भंगारात दिली. रोशनला पुन्हा काट्यावर बसवलं. तो नोकरीसाठी दुसरीकडे विचारत होता आणि कुठूनच उत्तर येत नव्हतं.

ती क्लिप त्याच रात्री न्यूयॉर्कला पोहोचली आणि धनंजयचं नाव उघड करायचं बारगळलं. मासिकाने लेखाखाली एक टीप घातली: या लेखातील काही मजकूर दुभाषीच्या कथनावर आधारलेला होता आणि त्याची खातरजमा होऊ शकत नाही, तो भाग काढण्यात आला आहे. रुक्माचा सगळा भागच गेला. भय्याजींचा आंबा राहिला. तिकडे जूनवरही टीका झाली म्हणे. एवढी मोठी लेखिका आणि एका शाळामास्तरणीच्या बोलण्यावर विसंबली. शाळेच्या प्राचार्यांनी नूतनला बोलावून घेतलं, बसायला सांगितलं आणि फार मृदू आवाजात विचारलं की असं का केलंत. नूतनने माफी मागितली. स्टाफरूममध्ये आता तिच्याशी बोलताना लोक थोडं जास्तच हसतात.

जूनचा फोन एकदाच आला. ती रागावलेली नव्हती.

"नूतन, मी काही छापणार नाही. लिहिणारही नाही," ती म्हणाली. "फक्त मला सांग. तू तेव्हा खरं सांगितलं होतंस, की त्या व्हिडिओत?"

मग ती गप्प बसली, जशी ती बसायची. नूतनला ती शांतता पूर्ण ओळखीची होती. कितीजणांना तिने त्या शांततेत कोसळताना पाहिलं होतं, आणि दर वेळी त्यांचं कोसळणं तिने चोख इंग्रजीत करून दिलं होतं. बाहेर भय्याजी रोशनची वाट बघत फाटकाशी उभे होते. ड्यूटी सुटून बराच वेळ झाला होता.

"तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे?" नूतनने विचारलं.

दिवाळीनंतर हिरालाल पुन्हा घरी आला. या वेळी त्याची मुलगी दुर्गा सोबत होती, दोन वेण्या घातलेली, लाजरी. बारावीला होती. इंग्रजी कच्चं आहे, तो म्हणाला, आणि आपल्यासारखी टीचर भिलाईत नाही. नूतनने भय्याजींकडे पाहिलं. भय्याजी उठून आतल्या खोलीत गेले.

दुर्गा आता मंगळवारी आणि शुक्रवारी येते. हुशार आहे, समजावलेलं लगेच उचलते. हिरालाल स्वतः तिला मोटरसायकलवर सोडतो आणि शिकवणी संपेपर्यंत फाटकाबाहेर गाडीवर बसून राहतो. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करतो. रोशन घरी आला की त्याच्याही खांद्यावर हात ठेवतो, तब्येतीची चौकशी करतो.

परवा धडा लिहिता लिहिता दुर्गाने पेन थांबवलं. "मैम, वो अमेरिका वाली राइटर, आप उनके साथ थीं ना? कैसी थीं वो?"

खिडकीतून हिरालालचा पांढरा शर्ट दिसत होता. तो मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता आणि इकडेच बघत होता.

"अच्छी थीं," नूतन म्हणाली. "अगला वाक्य लिखो."